टीम टेंपीने घालवली नाही : फिनिक्स व्हॅलीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

व्हॅलीतल्या सर्व मराठी मंडळींना सप्रेम नमस्कार.

दिवाळी फराळाच्या कार्यक्रमात आपल्यातलेच एक गृहस्थ माझ्या मुलाला म्हणाले, "अरे, तुम्ही टेंपीवाल्यांनीच तर कायोटीजना हाकललंत. नाहीतर आज तुझी टीम इथेच असती." ते सहज बोलून गेले, त्यांच्या मनात काही नव्हतं. पोरगा मान खाली घालून चकलीचे तुकडे करत राहिला. परत येताना गाडीत त्याने विचारलं, "आई, तेव्हा तू 'नाही'ला मत दिलं होतंस ना?"

दिलं होतं. त्याला ते माहीत आहे आणि मी कधी लपवलेलंही नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या माणसांत ही समजूत किती पक्की बसली आहे हे त्या दिवशी कळलं. १६ मे २०२३ ला फिनिक्सशेजारच्या आमच्या टेंपी शहराने मतदान केलं, नवा अरीना (बंदिस्त स्टेडियम) नाकारला आणि वर्षभरात कायोटीज ही आइस हॉकीची टीम युटाला गेली. एका ओळीत उरकलेली ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धवट आहे. राहिलेला अर्धा भाग सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे, कारण फिनिक्समध्ये एनएचएलची, म्हणजे आइस हॉकीच्या सर्वांत मोठ्या लीगची, टीम परत आणायची चर्चा सतत चालू असते. तो प्रस्ताव आज ना उद्या कुठल्या तरी सिटी कौन्सिलपुढे येईल, आणि तेव्हा चँडलर, गिल्बर्ट, स्कॉट्सडेल, फिनिक्स, जिथे असाल तिथे मत देण्याची पाळी तुमच्यावर येईल.

आधी एक सांगते. मी या खेळाच्या बाजूची बाई आहे. २०१२ च्या वसंतात ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने मला ग्लेनडेलला कायोटीजचा प्लेऑफचा (बाद फेरीचा) सामना बघायला नेलं. तोवर हॉकी म्हणजे माझ्यासाठी ध्यानचंद आणि शाळेचं लाल मातीचं मैदान. आत पाऊल टाकलं तर सगळं स्टेडियम पांढऱ्या कपड्यांत, बाहेर उन्हाने डांबर वितळतंय आणि आत अंगावर काटा आणणारी थंडी. त्या वर्षी टीमने शिकागोला हरवलं, नॅशव्हिलला हरवलं आणि कॉन्फरन्स फायनलपर्यंत मजल मारून लॉस एंजेलिसकडून हरली. त्या पांढऱ्या कपड्यांची प्रथा विनिपेगहून आली होती, हे मला पुष्कळ नंतर समजलं. टीमसुद्धा तिथूनच आली होती. १९९६ पर्यंत तिचं नाव विनिपेग जेट्स होतं. तिथे धड स्टेडियम नव्हतं, कॅनेडियन डॉलर पडलेला होता, म्हणून तिला उचलून वाळवंटात आणलं. आपण ज्या दिवशी टाळ्या वाजवल्या त्या दिवशी त्या गावातली पोरं रडत होती. माझा मुलगा रडला तेव्हा मला हे आठवलं.

तर मुद्दा भाडेकराराचा. कायोटीज इथे असताना एनएचएलमध्ये एका टीमचे नियमित मोसमात ८२ सामने व्हायचे, त्यांतले ४१ घरच्या मैदानावर. म्हणजे वर्षाच्या ३६५ रात्रींपैकी हॉकी बघायला फक्त ४१ रात्री, प्लेऑफ गाठलं तर आणखी थोड्या. उरलेल्या रात्री ती अवाढव्य इमारत रिकामी ठेवून परवडत नाही. पार्किंग, महागड्या खासगी बॉक्सची भाडी, खाणंपिणं, दारावरच्या कंपनीच्या नावाचे पैसे, कॉन्सर्ट, ही कमाई ज्याच्या हातात त्याचा धंदा चालतो. नुसत्या तिकिटांवर टीम पोसली जात नाही. म्हणून प्रत्येक मालकाला इमारतीवर ताबा हवा असतो आणि इमारतीचं कर्ज मात्र शहराच्या डोक्यावर असलेलं चालतं. बाकी सगळी भाषणं, गावाचा अभिमान, पोरांची स्वप्नं, या हिशोबावर चढवलेली असतात. ती स्वप्नं खरी असतात हे मी स्वतः बघितलंय, आणि त्याच जोरावर हा सौदा पुढे रेटला जातो.

कायोटीज इथे आले ते डाउनटाउन फिनिक्सच्या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये पाहुणे म्हणून. हॉकीचं मैदान बास्केटबॉलच्या कोर्टापेक्षा बरंच लांब असतं, त्यामुळे तिथल्या हजारो खुर्च्यांवरून एका बाजूचा गोल दिसायचाच नाही. मग २००३ च्या डिसेंबरमध्ये ग्लेनडेलने स्वतंत्र अरीना बांधून दिला. सुमारे २२ कोटी डॉलर खर्च, त्यातले १८ कोटी शहराचे. टेंपी-मेसाकडच्या माणसाने संध्याकाळी पाचच्या गर्दीत तिथे पोचायचं म्हणजे दीड तासाची निश्चिती. आठवड्यातल्या दिवशी पोराला शाळेतून उचलून, गाडीतच डबा खाऊ घालून आम्ही जायचो, आणि पहिला पीरियड संपत आलेला असायचा. तिकिटं घेऊ शकणारी वस्ती पूर्वेला आणि स्टेडियम पश्चिमेला, ही चूक त्या टीमला शेवटपर्यंत भोवली.

पुढचं तारखांसकट सांगते, कारण दर वेळी हाच भाग गाळला जातो.

मे २००९ मध्ये तेव्हाचे मालक जेरी मोयस यांनी टीमच्या दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅनडाचे जिम बॅल्सिली २१ कोटी २५ लाख डॉलर मोजायला तयार होते, अट एकच, टीम हॅमिल्टनला न्यायची. लीग आणि ग्लेनडेल दोघंही त्याविरुद्ध कोर्टात उभे राहिले, कोर्टाने ती विक्री होऊ दिली नाही आणि अखेर लीगनेच १४ कोटींना टीम विकत घेतली. मी २०१२ ला जिच्यासाठी घसा फोडत होते त्या टीमला तेव्हा धड मालकच नव्हता. टीम गावातून जाऊ नये म्हणून ग्लेनडेलने लीगला दोन मोसम, दर मोसमाला अडीच कोटी डॉलर दिले. ग्लेनडेल हे काही श्रीमंत शहर नाही. तिथला अग्निशमन, ग्रंथालयं, बागा याच तिजोरीवर चालतात.

मधे एक खरेदीदार आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. दर वेळी वर्तमानपत्रांत दुसऱ्या गावांची नावं फिरायची. हॅमिल्टन, विनिपेग, क्वेबेक, सिअॅटल. या नावांचा उपयोग काय असतो ते नीट समजून घ्या. घरमालकाला 'माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक आहे' हे वाक्य पाठ असतं, इथे ते भाडेकरू वापरतो. क्वेबेक शहराने तर सार्वजनिक पैशातून अरीना बांधूनही टाकला. २०१५ ला तो उघडला, आणि एनएचएलची टीम तिथे आजवर आलेली नाही.

२ जुलै २०१३ ला ग्लेनडेलच्या कौन्सिलमध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी नवा करार झाला. पंधरा वर्षं, अरीना चालवण्याबद्दल शहराने टीमच्या मालकांना दर वर्षी दीड कोटी डॉलर द्यायचे, एकूण २२ कोटी ५० लाख. भाडेकरू राहणार आणि घरमालक त्याला पैसे देणार, असा तो करार. त्याबदल्यात पार्किंग, नावाचे हक्क वगैरेंतून शहराला वाटा मिळायचा होता, तो दिलेल्या रकमेच्या पुष्कळ खाली राहिला. आणि आत एक कलम होतं : पाच वर्षांनंतर तोटा पाच कोटींवर गेला असेल तर मालकांना करार मोडून निघून जायची मुभा. त्या रात्री आम्ही घरी पेढे वाटले होते. पंधरा वर्षं टीम राहणार म्हणून. कलम मी वाचलं नव्हतं, आणि बातमीचा मथळा पंधराचाच होता, पाचाचा नव्हता.

दोनच वर्षांनी, १० जून २०१५ ला, त्याच शहराच्या कौन्सिलने ५ विरुद्ध २ मतांनी तो करार रद्द केला. कारण असं दिलं की करार करताना शहराच्या नोकरीत असलेली माणसं नंतर टीमच्या पगारावर गेली, आणि ॲरिझोनाच्या हितसंबंधविषयक कायद्याखाली असा करार रद्द करता येतो. मामला कोर्टात गेला आणि शेवटी दोन वर्षांच्या करारावर तडजोड झाली, वर्षाला ६५ लाख डॉलर. तिथून पुढे टीमचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर. एकेका मोसमाची मुदतवाढ. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर टेंपीत अरीना काढायचं ठरत होतं, २०१७ ला विद्यापीठाने अंग काढून घेतलं. ऑगस्ट २०२१ ला ग्लेनडेलने सांगून टाकलं की येणारा मोसम शेवटचा. त्याच डिसेंबरात कर थकल्याची नोटीस निघाली, भरले नाहीत तर दाराला कुलूप. टीमने चूक झाल्याचं सांगून पैसे भरले.

मग आली टेंपीची पाळी.

टेंपीचा प्रस्ताव ग्लेनडेलपेक्षा वेगळा होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ४६ एकर जमीन, शहराचा जुना कचरा डेपो. तो साफ करून अरीना, हॉटेलं, दुकानं, सुमारे दोन हजार घरं. सगळा मिळून २१० कोटी डॉलरचा पसारा. बांधकामाचा भार मालक उचलणार, शहर आपल्या तिजोरीतून थेट अरीना बांधणार नाही, असं मांडलं गेलं. दुसऱ्या बाजूला मालमत्ता करात सवलत होती, तिथून उभ्या राहणाऱ्या विक्रीकरातला हिस्सा परत द्यायचा होता. आणि जमीन विमानतळाच्या धावपट्टीच्या तोंडाशी. विमानांच्या आवाजाच्या पट्ट्यात घरं बांधू नयेत म्हणून फिनिक्स शहराने टेंपीवर दावा लावला होता. टेंपीच्या कौन्सिलने एकमताने विषय लोकांपुढे ठेवला. लीगचे कमिशनर गॅरी बेटमन स्वतः कौन्सिलपुढे आले आणि अरीना झाला तर ऑल-स्टार सामना आणि ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) टेंपीला देऊ म्हणाले.

मतपत्रिका टपालाने घरी आली. तीन प्रस्ताव, ३०१, ३०२, ३०३. ती दहा-बारा दिवस आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली होती, शेजारी मुलाच्या सरावाचं वेळापत्रक. तो तेव्हा तेरा वर्षांचा. रोज दूध काढायला आला की मतपत्रिकेकडे बघायचा, बोलायचा नाही. नवऱ्याने 'हो'वर खूण केली. मी दोन रात्री बसून करारातली कलमं वाचली. सगळी कळली असं म्हणत नाही. जे कळलं त्यावरून मला वाटलं की चांगलं घडलं तर सगळ्यांचं चांगलं होईल, आणि वाईट घडलं तर नुकसान टीमच्या आधी शहराच्या वाट्याला येईल. ज्या मालकाला शेजारच्या शहरात करापायी नोटीस निघाली होती, त्याच्यावर तीस-तीस वर्षांचा भरवसा ठेवायला माझं मन तयार झालं नाही. 'नाही'वर खूण करून मी पाकीट चिकटवलं, आणि पोस्टाच्या पेटीपाशी गाडीत थोडा वेळ बसून राहिले.

सुमारे ५६ टक्के लोकांनी माझ्यासारखंच मत दिलं.

आता त्या गृहस्थांच्या वाक्याकडे येते. १९९६ पासून २०२३ पर्यंत एकदाही या टीमकडे स्वतःची जमीन, योग्य जागी स्टेडियम आणि कोणालाही मोडता येणार नाही असा करार, या तिन्ही गोष्टी एकत्र नव्हत्या. वर्षानुवर्षं प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक कौन्सिलने आजची वेळ मारून नेली. टेंपीच्या मतदारांपुढे जो कागद आला तो या सगळ्या न फेडलेल्या उधारीचा शेवटचा कागद होता. आम्ही 'हो' म्हटलं असतं तर टीम कदाचित राहिली असती, हे मला मान्य आहे आणि ते ओझं माझ्या मनावर आहे. पण सत्तावीस वर्षं ज्यांनी करार केले त्यांचा हिशोब एका गावाच्या एका दिवसाच्या मतावर टाकू नका. निदान पोरांसमोर तरी टाकू नका.

पुण्यात माझ्या आईची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हाची गोष्ट सांगते. बावीस फ्लॅटधारक, बहुतेक पेन्शनर. पहिला बिल्डर आला तो रंगीत चित्रं घेऊन, क्लब हाउस, लिफ्ट, पोडियम. सोसायटीचे सेक्रेटरी काका निवृत्त बँकवाले. त्यांनी चित्रं बाजूला ठेवली आणि विचारलं, "काम अर्धवट सोडलंत तर आमचं भाडं कोण देणार? बँक गॅरंटी किती रकमेची?" बिल्डर म्हणाला, आमच्या नावावर विश्वास ठेवा. काका म्हणाले, नावाचं आम्ही काय करू? तो बिल्डर गेला. काकांनी घर घालवलं म्हणून चार लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. आणखी तीन वर्षं गळकं छत सोसून मग दुसरा आला, बँक गॅरंटी घेऊन. आई आता त्या नव्या घरात राहते.

आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरात असा एक करार कोणी ना कोणी ओळ न ओळ वाचलेला आहे. ताबा कधी, कॉर्पस किती, दंड काय, हे आपल्याला तोंडपाठ असतं. मग इथे, जिथे आपण घरं घेतली, कर भरतो, मुलं वाढवतो, तिथल्या शेकडो कोटींच्या कराराच्या वेळी आपण फक्त जर्सीचा रंग का बघतो? 'हे गोऱ्यांचं राजकारण आहे, आपल्याला काय' हे वाक्य मी आपल्याच घरांतून ऐकलंय. आपण नागरिक झालो, आता ते आपलंही आहे.

मुलेट अरीनाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. ग्लेनडेल सुटल्यावर टीम विद्यापीठाच्या त्या नव्या छोट्या स्टेडियममध्ये आली, आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. एनएचएलच्या सामन्याला जेमतेम ४,६०० माणसं. जगातल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगची टीम कॉलेजच्या मैदानावर खेळते म्हणून तिची खूप चेष्टा झाली. पण तिथे पक (खेळायची रबरी चकती) फळीवर आपटला की छातीत आवाज यायचा. स्केटच्या पात्याने बर्फ कापला जातानाची कर्र शेवटच्या रांगेत ऐकू यायची. तिथला पहिला सामना २८ ऑक्टोबर २०२२ ला झाला, आणि समोर कोण, तर विनिपेग. त्या गावाला २०११ मध्ये अटलांटाची टीम मिळाली होती, जुन्याच नावाने.

१७ एप्रिल २०२४ ला एडमंटनविरुद्ध शेवटचा सामना. आपण ५-२ ने जिंकलो. सामना संपला तरी लोक उठेनात. माझ्या मागे एक आजोबा होते, १९९६ पासून येणारे. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते नुसते बर्फाकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी १२० कोटी डॉलरच्या व्यवहारात खेळाडू सॉल्ट लेक सिटीचे झाले. जुन्या मालकांना नवीन अरीना बांधून टीम परत आणायचा हक्क ठेवला होता, पण उत्तर फिनिक्समधल्या सरकारी जमिनीचा लिलाव जूनमध्ये रद्द झाला आणि त्यांनी तोही सोडून दिला.

युटात टीम ज्या डेल्टा सेंटरमध्ये गेली ते मुळात बास्केटबॉलचं आहे. सुरुवातीला तिथल्या जेमतेम ११,००० खुर्च्यांवरून पूर्ण मैदान दिसत होतं. म्हणजे आपण १९९६ ला जिथे होतो तिथेच. फरक इतकाच की त्यांनी पैसा कुठून येणार हे, विक्रीकर वाढवण्यासकट, कायद्याने आधी ठरवून घेतलं. ते बरोबर की चूक ते तिथले लोक ठरवतील.

टीम गेली तरी तिने मागे ठेवलेलं पुष्कळ इथेच आहे. स्कॉट्सडेलमध्ये वाढलेला, लहानपणी कायोटीज बघून स्केट बांधलेला ऑस्टन मॅथ्यूज २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. शेन डोन इथे इतकी वर्षं खेळला की त्याचा इथेच जन्मलेला मुलगा जॉश मार्च २०२४ मध्ये त्याच टीमकडून उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. सकाळी सहाच्या सरावाला, बाहेर पारा चाळिशीकडे निघालेला असताना, जाड मोजे चढवणारी पोरं मी दर शनिवारी बघते. त्यांत आता दोन आपली मराठी आहेत, एक मुलगी धरून. टीम परत यावी असं मला मनापासून वाटतं. माझ्या मुलाने पुन्हा आपल्या गावाच्या नावाने ओरडावं असं फार वाटतं.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा चित्रं बघा, जरूर बघा, पण कराराचा मसुदा मतदानाच्या बऱ्याच आधी लोकांसमोर ठेवा असं आपल्या कौन्सिलला आत्ताच लिहून कळवा. टीम मुदतीआधी गेली तर शहराला किती पैसे मिळणार आणि त्याला हमी कुणाची, ते विचारा. तोट्याचं कलम शोधा. ते शेवटच्या पानांत असतं. जमीन कुणाची राहणार, पार्किंगचे पैसे कुणाच्या खिशात, कॉन्सर्टच्या रात्री कुणाच्या, हे विचारा. कौन्सिलच्या सभेत कोणाही रहिवाशाला दोन-तीन मिनिटं बोलता येतं. इंग्रजी अडखळलं तरी ऐकून घेतात, मी बोलले आहे. आणि वाचून तुमचं मत 'हो' झालं तर बिनधास्त 'हो' द्या, मीही देईन. त्या सेक्रेटरी काकांनी दुसऱ्या बिल्डरला सही केलीच की.

ग्लेनडेलचा २०१३ चा करार मी छापून फाइलला लावला आहे. पाच वर्षांच्या कलमाला पिवळी पट्टी चिकटवली आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती फाइल घेऊन येते आणि तिळगुळाच्या टेबलाशेजारी बसते. मुलगाही येणार आहे, त्याने स्वतःच येतो म्हटलंय. ज्या गृहस्थांच्या बोलण्यावरून हे पत्र सुरू झालं त्यांनी अगदी आवर्जून यावं, सोबत पेन आणावं. मला न कळलेली बरीच कलमं आहेत, ती दोघांनी मिळून वाचू.

आपली,
टेंपीतल्या एका हॉकीपटूची आई